जी दांडी हलायला हवी होती

नोकरीतल्या बऱ्याच घटना मला मुद्दाम आठवाव्या लागतात. साल चुकतं, एका तपासातली माणसं दुसऱ्यात शिरतात. ही एक मात्र न बोलावता येते आणि येताना तेव्हाची छातीतली धडधड बरोबर घेऊन येते. यात खून नाही, दरोडा नाही, साधी चोरीसुद्धा नाही. तरीही एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी इतका घाबरलेला दुसऱ्यांदा कधी नव्हतो. नावं सांगणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात आणि भली आहेत.

मी तेव्हा पेणला पोलीस निरीक्षक होतो. बदली होऊन फार दिवस झाले नव्हते, तेवढ्यात एका खबऱ्याने बातमी आणली की धरमतरच्या रस्त्याला एका बंद भातगिरणीत दोन म्हातारे विमान बांधतायत. खाडी जवळ, जेट्टीवर बार्जेसची ये-जा, त्यामुळे असली बातमी हसून सोडता येत नाही. मी माणसं घेऊन गेलो. आत चष्मा लावलेले दोन गृहस्थ एका पंखावर वाकून वाद घालत होते. पोलीस पाहूनही वाद थांबला नाही. एकाने पायाने माझ्याकडे स्टूल सरकवलं आणि म्हणाला, दोन मिनिटं बसा, याला आधी पटवतो.

त्यातले एक पेणचे निवृत्त शिक्षक. जुनं जमीनदार घर, गिरणी त्यांचीच. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं, म्हणून सगळा गाव त्यांना मास्तर म्हणे. दुसरे रोह्याचे. कंपनीत मेंटेनन्सचे इंजिनिअर होते, तेही निवृत्त. दोघे शाळेपासूनचे दोस्त. परदेशातून खोक्यांत सुटे भाग मागवून घरी जोडायचं दोन माणसांचं छोटं विमान असतं, हे मला त्या दिवशी कळलं. दिल्लीच्या परवानग्या होत्या, कागद चोख होते. मी ते सगळीकडून पडताळले आणि संशयास्पद काही आढळले नाही असा अहवाल वर पाठवून दिला.

कामाची त्यांची वाटणी ठरलेली होती. धातूचं बारीक काम इंजिनिअर रोह्याला घरच्या वर्कशॉपमध्ये करायचे, मग ते भाग टेम्पोने पेणला यायचे आणि मास्तर ते विमानात बसवायचे. उडवणार होती मास्तरांची एकुलती एक मुलगी. ती उत्तरेकडे कुठेतरी विमान चालवायला शिकवण्याच्या नोकरीत होती. इंजिनिअरांना मूलबाळ नव्हतं. ती त्यांना काका म्हणायची आणि काका तिच्याबद्दल बोलताना बापापेक्षा जास्त फुशारकी मारायचे. पुढे अधूनमधून मी त्या गिरणीत चहाला जाऊ लागलो.

पुढच्या थंडीतली गोष्ट. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदार म्हणून एक बाई हवालदार ड्युटीवर होत्या, तिकडच्याच, हुशार. त्या माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, आत्ता एका बाईचा फोन आला, नाव सांगितलं नाही. मग तिचे शब्द त्यांनी जसेच्या तसे म्हणून दाखवले.

"मास्तरांच्या इमानात एका दांडीचा जोड पोकळ हाय. वरून चांगला दिसतो, आतून धरलेला नाय. पोरीला बसू देऊ नका."

कुठली दांडी, तुम्ही कोण, असं विचारेपर्यंत फोन बंद. मी विचारलं, चेष्टा वाटली का? त्या म्हणाल्या, "नाय साहेब. बाई घाबरलेली व्हती. आणि मागं कॉम्प्रेसर चालू व्हता."

खोटे फोन मी खूप ऐकलेत. खोटा फोन करणारा चवीने बोलतो, आपण किती घाबरतो ते त्याला ऐकायचं असतं. या फोनमध्ये नुसती घाई होती. स्टेशन डायरीला नोंद घेतली, नंबर शोधायला दिला आणि जीप काढली.

गिरणीत पोचलो तर पंख सोडवून ठेवलेले आणि विमानाचं धड ट्रकवर चढवून त्यावर ताडपत्री टाकायची तयारी चाललेली. घाटापलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात एक खासगी धावपट्टी होती. तिथे नेऊन दुसऱ्या दिवशी जोडायचं आणि चालवून बघायचं, असा बेत. मुलगी सुट्टी काढून आली होती. मी फोनचं सांगितलं तसे मास्तर उखडले. मुलगी मात्र उखडली नाही. तिने ताडपत्री बाजूला करायला लावली, झाकणं उघडली आणि मला दांड्या दाखवल्या.

तिने सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. वैमानिकाच्या हातात एक दांडका असतो. तो पुढे-मागे केला की पोकळ नळ्यांच्या दांड्यांमधून तो जोर मागे शेपटीपर्यंत जातो, तिथली फळी वरखाली होते आणि विमानाचं नाक वरखाली होतं. प्रत्येक नळीच्या टोकाला धातूचा एक तुकडा आत घट्ट बसवून रिव्हेट मारलेले असतात. तो तुकडाच पुढच्या भागाला जोडला जातो. तुकडा नळीतून निसटला तर? मी विचारलं. तिने बापाकडे एकदा बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, मग हातातल्या दांडक्याला काही अर्थ उरत नाही.

मी एकेक दांडी धरून हलवली. पांढऱ्या शुभ्र, गुळगुळीत, कुठे रिव्हेटचं डोकंसुद्धा हाताला लागत नव्हतं. एकही हलली नाही. मुलीने दांडका ओढून धरला, मास्तरांनी शेपटीची फळी दाबून धरली, तरी कुठे करकर नाही. सगळं बघून झाल्यावर मास्तर मला म्हणाले की हा फोन कुठून आला ते इथे शोधू नका, रोह्याला जाऊन शोधा.

तेव्हा मला कळलं की पावसाळ्यापासून दोघांचा अबोला होता. कारण ऐकाल तर हसाल. एका स्थानिक साप्ताहिकात मास्तरांची मुलाखत आली, 'पेणच्या मास्तरांचं विमान' या मथळ्याची. त्यात इंजिनिअरांचं नावच नव्हतं. मास्तरांचं म्हणणं, मी सांगितलं होतं, छापणाऱ्याने गाळलं. रोह्यात लोकांनी इंजिनिअरांना विचारून हैराण केलं की तुम्ही काय नुसते पाने पुसत होता का. त्यांनी फोनवर मास्तरांना सुनावलं, माझ्याशिवाय उडवून दाखव. राहिलेले भाग टेम्पोत भरून पाठवून दिले आणि तिथून पुढे एक शब्द नाही. मुलीने दोघांनाही समजावून बघितलं होतं. दोघेही तिला एकच उत्तर देत, त्याने आधी फोन करावा.

ट्रक मी अडवू शकत नव्हतो. एका निनावी फोनवर कोणतं कलम लावणार? मुलगी म्हणाली, उद्या फक्त धावपट्टीवर पळवून बघणार आहे, सगळं ठीक वाटलं तर संध्याकाळी वारा पडल्यावर एकदा उचलीन. तिचा स्वर शांत होता, पण तिनेही प्रत्येक दांडी माझ्यामागून पुन्हा हलवून बघितली, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. ट्रक गेला.

त्या दिवशी मंत्र्यांचा दौरा होता, बंदोबस्तातून सुटका संध्याकाळी झाली. नंबर मुंबईच्या एका मूर्ती व्यापाऱ्याचा निघाला आणि त्याचा फोन बंद. घरी जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं काय झालं, तर मी तिला दांडी, तुकडा, नळी असलं काहीतरी सांगत बसलो. ती म्हणाली, तुम्ही बघितलीत ना हलवून, मग? तिचं बरोबर होतं. तरी ती अनोळखी बाई घाबरलेली होती, हे माझ्या डोक्यातून जाईना.

सकाळीच रोहा गाठलं. इंजिनिअरांचं घर कुंडलिकेच्या बाजूला, मागे वर्कशॉप. एरवी मला बघून चहा टाका म्हणणारा माणूस दारातच उभा राहिला. त्यांचा समज झाला की मास्तरांनी तक्रार दिली आणि मी चौकशीला आलो. मला त्यांच्यावर संशय होता हे खोटं नाही. रागावलेला माणूस, धातूचं सगळं काम त्याच्या हातचं आणि 'उडवून दाखव' ही भाषा. पोलिसाला आणखी काय लागतं?

मी फोनचं सांगितलं. ते म्हणाले, माझ्या कामात खोट नाही, खोट काढायची तर पेणला काढा. असे बरेच प्रश्न झाले आणि प्रत्येकाला तेच उत्तर. अशा माणसाला दटावून उपयोग नसतो. आयुष्यभर कंपनीत साहेबांचं ऐकून घेतलेला माणूस दटावणीला सरावलेला असतो. मी दुसऱ्या बाजूने शिरलो. विचारलं, तुमचं बोलणं बंद झालं त्या दिवशी कुठलं काम अर्धवट होतं?

ते दारातून बाजूला झाले. मग मला वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. किटमध्ये आलेल्या बऱ्याच दांड्यांची टोकं सैल बसत होती, असं त्यांनी सांगितलं. नळीचं भोक केसभर मोठं आणि आतला तुकडा केसभर लहान. असं चालत नाही. त्यांनी प्रत्येक तुकड्याला पातळ पत्र्याचा वेढा देऊन, नळीत तो दाबून बसेल एवढा करून, खास चिकटद्रव्य लावून, मग भोकं पाडून रिव्हेट मारले होते. रिव्हेट सपाट डोक्याचे, नळीच्या बरोबरीला घासलेले. एकेका दांडीला दिवस दिवस गेला होता.

"सगळ्या दांड्यांना?" मी विचारलं.

"एक सोडून," ते म्हणाले. "शेपटीकडची शेवटची."

ती तशीच का पाठवली, हे विचारल्यावर त्यांनी पकड उचलली, पुन्हा ठेवली. चेहरा लाल झाला होता. म्हणाले, "ती हातात घेताच खुळखुळते, साहेब. शाळेतलं पोरगंसुद्धा ओळखील. म्हटलं, याला ती दिसेल, मग याला मला फोन करावाच लागेल."

 मी म्हणालो, अहो, काल मी स्वतः प्रत्येक दांडी हलवून बघितली, एकही हलली नाही.

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. "ती हलायला हवी," ते म्हणाले. "नाही हलली म्हणजे तिला कोणीतरी काहीतरी केलंय."

मास्तरांनीच ती नीट केली असेल, असं मी म्हणून बघितलं. ते म्हणाले, त्याच्याकडे तसली हत्यारं नाहीत, मापाचा पत्रा नाही, तो करूच शकत नाही. त्यांनी खिशातून फोन काढला. इतक्या महिन्यांनी त्यांनी मास्तरांना लावलेला तो पहिला फोन. दोनदा वाजला आणि तिकडून कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मी माझ्या फोनवरून लावला तर माझाही कापला. हा पोलीस पुन्हा पिरपिर करणार, असं मास्तरांना वाटलं असणार. मुलीचा फोन बंद होता. काम करताना ती फोन बंद ठेवते, असं इंजिनिअरांनी सांगितलं.

नुसत्या शंकेवर दुसऱ्या जिल्ह्यातल्या ठाण्याला काय सांगणार, म्हणून मी त्यांना जीपमध्ये घातलं. दांड्या रोह्याहून थेट पेणला गेल्या का, हे विचारल्यावर ते म्हणाले, नाही, मध्ये रंगाला पेणजवळच्या जोहे गावी गेल्या होत्या. तिथला एक मूर्तिकार रंगाचं काम फार सुंदर करतो म्हणून मास्तरांनी त्यालाच विमानाचा सगळा रंग दिला होता. नागोठण्याच्या पुढे आलो तेवढ्यात मुंबईचा व्यापारी फोनवर सापडला. तो म्हणाला, काल जोह्याला मूर्ती बघायला गेलो होतो, कारखान्यातल्या बाईनं जरा फोन द्या म्हणून मागितला. कॉम्प्रेसर कशाचा होता ते आता सांगायला नको.

हायवेच्या कोंडीतून वाट काढत जोह्याला पोचलो तेव्हा दुपार कलायला आली होती. माघी गणपतीचं काम जोरात होतं. कारखान्यात ओळीने मूर्ती उभ्या, काहींना हात बसवलेले, काही बिनहाताच्या. मूर्तिकार पन्नाशीचा, अंगभर रंगाचे शिंतोडे. आम्हाला बघून त्याने रंग फवारायचा कॉम्प्रेसर बंद केला. मी दांड्यांचं विचारलं.

"आम्ही फक्त रंग मारला, साहेब," तो म्हणाला.

काहीतरी लपवणारा माणूस सहसा पोलिसाच्या हाताकडे बघतो नाहीतर दाराकडे. हा इंजिनिअरांच्या तोंडाकडे बघत होता. म्हणजे त्याला आमची भीती नव्हती, त्यांची होती. शेजारी एक मोठी मूर्ती रंगवून तयार होती. मी तिच्या वरच्या हाताकडे बोट केलं आणि विचारलं की हा हात वेगळा करून मागनं बसवतात ना, मग जोड कुठाय?

"नाय दिसणार तो," तो म्हणाला. बोलताना मान जरा ताठ झाली. दुसऱ्याच क्षणाला ती खाली गेली.

मी काही विचारण्याआधीच मागच्या बाजूने त्याची बायको पुढे आली. हाताला ओलं प्लास्टर लागलेलं, पदराने पुसत होती. म्हणाली, "सांगा आता. फोन मीच केला व्हता, साहेब."

"तू गप बस गो," तो म्हणाला.

"नाय बसत. पोरगी बसणार हाय त्यात."

मग त्याने सांगितलं. रंग मारायला दांड्या तारेवर टांगताना एकीचं टोक त्याच्या हातात आलं. त्याला वाटलं आपल्याच माणसांनी उतरवताना आपटून तोडली. इंजिनिअर कडक माणूस, परदेशातला माल, बोभाटा झाला तर गावात नाव जाणार. हातात कला होती, ती कामाला लावली. मूर्तीचा हात बसवतात तसंच केलं. प्लास्टरमध्ये चिकटा घातला, बारीक काथ्या घातला, तुकडा आत बसवून भोवती भरलं, उन्हात सुकवलं, पॉलिश पेपरने घासलं. मग ही एकच दांडी वेगळी दिसू नये म्हणून बाकीच्यांच्या टोकांवरही लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, हात फिरवून सगळे रिव्हेट झाकून टाकले आणि रंग मारला.

"जोड दिसला तर गिऱ्हाईक मूर्ती उचलत नाय, साहेब," तो म्हणाला. "आमच्यात जोड दिसणं म्हंजे काम बिघडलं."

बायकोला हे घरात माहीत होतं, पण ती दांडी कशाची हे माहीत नव्हतं. बाजारात तिने ऐकलं की मास्तरांची मुलगी त्यात बसून उडणार. घरी येऊन तिने नवऱ्याला विचारलं, तो जोड किती टिकंल? त्याने नेहमीचंच उत्तर दिलं होतं. ते तिने आम्हाला जसंच्या तसं सांगितलं.

"हे म्हनाले, मूर्ती विसर्जनापर्यंतच टिकवायची असते."

 मी बाहेर येऊन घाटापलीकडच्या पोलीस ठाण्याला फोन लावला. तिथले निरीक्षक माझ्या ओळखीचे नव्हते. मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, कोणत्या कलमाखाली थांबवू? मी म्हणालो, कलम मागनं बघू, आधी ते विमान जमिनीवर राहू द्या, काही झालं तर माझं नाव लिहा. ते बीटवरच्या शिपायाला पाठवतो म्हणाले.

जीप खोपोलीच्या दिशेने सुटली. मागच्या सीटवर इंजिनिअर मास्तरांचा नंबर लावत राहिले आणि तिकडून तो कापला जात राहिला. काही वेळाने त्यांनी फोन मांडीवर उलटा ठेवला. घाटात रेंज येत-जात होती. बाहेर ऊन पिवळं होत चाललेलं. वारा पडल्यावर एकदा उचलीन, हे तिचं वाक्य मी त्यांना सांगितलं नव्हतं आणि सांगायची माझी छाती नव्हती. झाडांचे शेंडे हलतायत का, हे मी खिडकीतून बघत होतो. हलायचे थांबले की जीव खालीवर व्हायचा. चालकाला मी किती वेळा जोरात घे म्हणालो आणि किती वेळा सांभाळून घे म्हणालो, ते तोच जाणे.

घाट चढून वर आलो आणि फोन वाजला. त्या शिपायाचा होता. तो म्हणाला, "थांबवलंय साहेब. इंजिन चालूच होतं, तोंड वाऱ्याकडं करून निघायच्या बेतात होते. हात केला तर बघेनात, म्हणून मोटरसायकल नेली आणि पट्टीच्या मधोमध आडवी लावली. बाई फार चिडल्यात."

 मी फोन इंजिनिअरांच्या कानाला लावला आणि त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी ऐकलं, डोळे मिटले आणि कोलाडच्या देवीचं नाव घेतलं. मी त्या माणसाला कधी देवाचं नाव घेताना ऐकलं नव्हतं.

धावपट्टीवर पोचलो तेव्हा उजेड शिल्लक होता. मास्तर माझ्या अंगावर धावूनच आले. तुम्ही काय चालवलंय, मी वरपर्यंत जाईन, असं बरंच काही. मागच्या दारातून इंजिनिअर उतरले तसे ते मध्येच थांबले. इंजिनिअर कोणाशी काही न बोलता थेट विमानाच्या शेपटीकडे गेले. मुलीने एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि न विचारता पाना आणून दिला. तिच्या चेहऱ्यावरचा राग तिथेच गेला.

दांडी सुटी झाली. तशीच पांढरी, गुळगुळीत. इंजिनिअरांनी एक टोक धरलं आणि दुसरं मास्तरांपुढे केलं. "धर," म्हणाले. पावसाळ्यानंतरचा तो पहिला शब्द. दोघांनी ओढली. काही झालं नाही. मास्तर माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते. इंजिनिअर म्हणाले, पीळ देऊन ओढ. दुसऱ्या ओढीला आतून पांढरी पूड उडाली, तुकडा इंजिनिअरांच्या हातात राहिला आणि मास्तर नळी घेऊन मागे पडता पडता सावरले.

मुलीने तो तुकडा घेतला. त्याला चिकटलेला काथ्या नखाने काढून बघितला.  मघाशी पळवताना दांडका ढकलून शेपटी दोनदा उचलली होती मी, एवढंच म्हणाली आणि विमानाच्या चाकापाशी खाली बसली.

इंजिनिअर मास्तरांना म्हणाले, "मी ती सैल ठेवली होती रे. तू फोन करशील म्हणून. का नाही केलास?"

 मास्तरांनी हातातली नळी खाली ठेवली. ते म्हणाले, "एक राहिली आहे हे मला माहीत होतं. ती घट्ट आली. मला वाटलं, भांडणातसुद्धा तू माझं काम पुरं करून पाठवलंस. तू केलेली म्हणून मी ती एकदासुद्धा ओढून बघितली नाही."

यावर इंजिनिअरांना रडू आवरलं नाही. मी आणि तो शिपाई, आम्ही दोघे मोटरसायकल बाजूला घ्यायच्या निमित्ताने लांब गेलो.

कागदावर या प्रकरणाचं काही झालं नाही. गुन्हा नाही, आरोपी नाही, दखलपात्र काही आढळले नाही असा शेरा मारून मी विषय बंद केला. मूर्तिकाराला मी बोलावून चार शब्द सुनावले. त्याच्या बायकोचे आभार मानायला मास्तर आणि त्यांची मुलगी जोह्याला जाऊन आले. सगळ्या दांड्यांवरची लांबी आणि रंग खरवडून काढला. पुन्हा रंग मारायचा नाही, असा मुलीने हुकूम केला.

या प्रकरणाने मला माझ्या धंद्याबद्दलच एक गोष्ट शिकवली. काही आक्रीत घडलं की कोणाचं कोणाशी वैर होतं, हे आम्ही पोलीस पहिल्यांदा विचारतो. मीही तेच विचारत होतो आणि वैर कुठेच नव्हतं. संशयापायी जिवावर बेतलेलं मी खूप पाहिलं होतं, पण विश्वासापायी बेतायची वेळ आलेली ही एकच पाहिली. त्यानंतर कुठल्याही घरात, कुठल्याही कारखान्यात अपघाताच्या चौकशीला गेलो की मी आधी विचारायचो, इथे कोण कोणाशी बोलत नाही? लोकांना प्रश्न विचित्र वाटायचा. उत्तर देताना मात्र ते एकमेकांकडे बघायचे आणि मला कुठून सुरुवात करायची ते कळायचं.

थंडी संपता संपता ते विमान उडलं. मला बोलावणं होतं, पण मी येत नाही म्हणून कळवलं होतं. मग राहवेना म्हणून गेलोच. मुलगी वर घिरट्या घालत होती. खाली ते दोघे वर न बघता भांडत होते. पंख जोडताना कोणी किती पीळ दिला, कोणी कोणाला सांगितलं नाही, तू मला नेहमी असंच करतोस, असं जोरजोरात. आसपासची माणसं अवघडून लांब सरकली होती. मी मात्र त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो आणि ती खाली उतरेपर्यंत ते भांडण ऐकत राहिलो. मला फार बरं वाटत होतं.